रिपोर्टवर हाताचं तापमान छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय: मनगटात दबलेल्या नसेची चाचणी आणि तिचे रिपोर्ट

सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेचे, म्हणजे जानेवारीच्या थंडीचे दिवस. सकाळी नऊ वाजता दुचाकीवरून आलेला माणूस चाचणीच्या खोलीत बसतो, हात गारठलेले, वर एसी चालू. अर्ध्या-पाऊण तासात त्याच्या हातात कागद पडतो: ‘दोन्ही मनगटांत मीडियन नस दबलेली, मध्यम स्वरूप’. नस खरंच दबलेली असेलही. पण त्या कागदावर हाताचं तापमान लिहिलेलं नसेल, तर ती दबली होती की नुसती गारठली होती, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनलाही नाही आणि आम्हालाही नाही. सोलापुरात ही चाचणी करणाऱ्या आम्हा काही तंत्रज्ञांचं हे पत्र मुख्यतः त्या एका ओळीसाठी आहे. तिच्यासोबत आणखी काही गोष्टी ओघाने येतील.

आधी ‘नस’ या शब्दाचा घोळ मिटवू. रक्ताची शीर आणि संवेदना नेणारा मज्जातंतू, दोन्हींना आपण बोलताना नसच म्हणतो. त्यामुळे ‘नस दबली’ म्हटलं की रक्त अडलं असं वाटतं आणि माणूस रक्त पातळ करायच्या गोळीची चौकशी करू लागतो. इथे रक्ताचा संबंध नाही. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांची एक पन्हळ असते आणि तिच्यावर जाड आडवा पट्टा ताणलेला असतो. तयार झालेल्या या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्यासोबत मीडियन नावाची नस. बोगदा ताणून मोठा होत नाही. कंडरांवरचं आवरण सुजलं की सगळ्यांत मऊ असलेली नस चेपते. या आजारालाच कार्पल टनल (सिंड्रोम) म्हणतात. गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या बोगद्यात नळी घालून दाब मोजला होता. निरोगी मनगट सरळ असताना सरासरी २.५ मि.मी. पारा, आजारी मनगटात ३२, आणि तेच आजारी मनगट पूर्ण वाकवलं की ९० च्या वर. सोलापूरच्या पूर्व भागात सुपावर ओणवून, मनगट आत वळवून दिवसभर विडी वळणाऱ्या बायकांच्या हाताकडे पाहिलं की हे आकडे समजायला वेगळं चित्र काढावं लागत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची चिमूट, वर कात्री. शिलाईच्या युनिटमध्ये धागे कापताना आणि यंत्रमागावर तुटलेला धागा जोडतानाही नेमकी हीच तीन बोटं राबतात. मधुमेह, थायरॉइड कमी असणं, गरोदरपण, संधिवात, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर यांनीही हा बोगदा अडचणीचा होतो, त्यामुळे सगळा दोष कामावर टाकण्याचंही कारण नाही.

तक्रार ठरलेली असते. रात्री दोन-तीन वाजता हात मेल्यासारखा होऊन जाग येते, झटकला की बरं वाटतं. मुंग्या अंगठ्यापासून अनामिकेच्या अर्ध्या भागापर्यंत येतात, करंगळी सुटते. विचारलं तर बहुतेक जण ‘पाची बोटं’ म्हणतात. त्यांना सांगावं, आज रात्री जाग आली की दिवा लावा आणि एकेक बोट चिमटून बघा. सकाळी उत्तर बदललेलं असतं. अंगठ्याच्या बुडाशी तळव्यावरच्या कातडीची जाणीव मात्र शाबूत राहते, कारण तिथे जाणारी फांदी बोगद्याच्या आधीच फुटते आणि वरून जाते. तीही बधिर असेल तर दाब मनगटाच्या वर कुठेतरी आहे, अशी शंका घ्यावी.

आता चाचणी. संवेदनेच्या भागात बोटाला स्प्रिंगच्या दोन कड्या घालतात, तिथून १४ से.मी. मागे मनगटावर विजेचा छोटा झटका देतात आणि संदेश पोचायला लागलेला वेळ मिलिसेकंदात मोजतात. पडद्यावर उमटणाऱ्या लाटेच्या शिखरापर्यंतचा हा वेळ साधारण ३.५ च्या आत हवा. हालचालीच्या भागात अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्यावर नोंद घेणारी एक चकती, अंगठ्याच्या सांध्यावर दुसरी, आणि झटका ८ से.मी. मागे. इथे वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी ४.४ मिलिसेकंदांच्या आसपास धरतात आणि लाटेची उंची ४ मिलिव्होल्टच्या वर असावी लागते. नसेच्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं. त्याच्यामुळे संदेश टप्प्याटप्प्याने उड्या मारत सेकंदाला ५० मीटरहून जास्त वेगाने धावतो. दाबाखाली आधी हे वेष्टण झिजतं आणि वेळ लांबते. दाब सुटलाच नाही तर आतला तंतू मरू लागतो, तेव्हा लाटेची उंची घटते. म्हणून वेळ आणि उंची वेगवेगळी वाचायची असते. वेळ लांबली पण उंची टिकून आहे, तर दाब काढल्यावर नस बऱ्यापैकी सावरते. उंची गेली, अंगठ्याखालची गादी सपाट झाली, की शस्त्रक्रियेनंतरही ताकद अर्धवटच परत येते. मनगटाशी संदेश रेंगाळतो हे ब्रिटनमधल्या सिम्पसन यांनी १९५६ मध्ये दाखवलं. यंत्रं पुष्कळ बदलली, पण मोजायची गोष्ट अजून तीच आहे.

आता त्या तापमानाकडे येऊ. गार नसेत संदेश हळू चालतो. हाताचं तापमान एका अंशाने उतरलं की वेग सेकंदाला दीड ते अडीच मीटरने पडतो आणि मनगटापासूनचा वेळ सुमारे ०.२ मिलिसेकंदाने वाढतो. हात ३२ अंशांवर असताना ज्याचा आकडा ३.८ आला असता, त्याचाच हात २८ वर असेल तर ४.६ येतो. मर्यादा ४.४ ची. बसला शिक्का! गारठ्याची एक खूण मात्र लाटेत दिसते. गार हातात लाट उशिरा येते, पण ती उंच आणि रुंद असते. दबलेल्या नसेत ती उंच होत नाही. वेळ लांबलेली आणि उंची नेहमीपेक्षा जास्त, असा कागद दिसला तर आधी हात शेकायला सांगावं. उपाय साधा आहे. कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून कोरडे करायचे किंवा गरम पाण्याची पिशवी धरायची, कातडीला लावायच्या तापमापकाने तळव्यावर ३२ किंवा जास्त आल्याची खात्री करायची, चाचणी लांबली तर मध्येच पुन्हा मोजायचं. सूत्राने तापमानाची वजाबाकी करून आकडा ‘दुरुस्त’ करण्यापेक्षा हात शेकणं केव्हाही बरं, कारण ती सूत्रं निरोगी नसेवरून काढलेली आहेत आणि आजारी नस तसं वागेलच असं नाही. मे महिन्यात प्रकार उलटा. भर उन्हातून आलेल्या हातात संदेश पळतो आणि सुरुवातीचा आजार झाकला जाऊ शकतो. शिवाय घाम कडी आणि झटक्याच्या टोकामध्ये ओलसर पूल बांधतो, मग लाटेची सुरुवातच झटक्याच्या खुणेत बुडून जाते. तिथे पुसून कोरडं करण्याला पर्याय नाही.

दुसरी ओळ अंतराची. ८ से.मी. लिहिलं आणि टेप ९ वर होती, तर वेळेत ०.२ मिलिसेकंदाची चूक आणि वेगात सुमारे अकरा टक्क्यांची. मोजताना मनगट सरळ ठेवायचं, टेप कातडीला चिकटून हवी. झटका देणाऱ्या दांड्याला दोन टोकं असतात. काळं, म्हणजे ऋण टोक, नोंद घेणाऱ्या कडीकडे असायला हवं. घाईत दांडा उलटा धरला की वाटेत दोन-तीन सेंटिमीटर वाढतात आणि आकडा सुमारे अर्ध्या मिलिसेकंदाने फुगतो. ही चूक कागदावर कधीच दिसत नाही.

झटका किती जोराचा, हाही प्रश्नच. करंट वाढवत जायचं. लाट वाढायची थांबली की त्यावर आणखी वीस-तीस टक्के देऊन मग नोंद घ्यायची. अलीकडेच थांबलं तर काही तंतू जागेच होत नाहीत, उंची खोटी कमी दिसते, आणि ‘तंतू मेले’ असा भलताच अर्थ निघतो. हे बहुधा दयाळूपणातून होतं, माणूस कळवळला की हात आखडतो. उलट करंट फार वाढवला तर तो शेजारच्या, करंगळीकडे जाणाऱ्या अल्नर नसेत सांडतो आणि तिचे स्नायू आपली लाट मिसळतात. लाटेची पहिली हालचाल वरच्याऐवजी खाली गेली आणि अंगठ्याऐवजी करंगळीकडची बाजू उडाली, तर हे झालंय असं समजावं. संवेदनेची लाट तर २० मायक्रोव्होल्टची, म्हणजे एका व्होल्टचा पन्नास हजारावा भाग. खोलीचं अर्थिंग नीट नसेल, शेजारी मोटार चालू असेल, तर ५० हर्ट्झचा गुंजारव तिला गिळतो. अर्थची पट्टी झटक्याच्या आणि नोंदीच्या मध्ये, हाताच्या पाठीवर लावायची, कातडी स्पिरिटने पुसायची, दहा-दहा लाटांची सरासरी घ्यायची. हे न करता ‘प्रतिसाद नाही’ लिहिणं म्हणजे यंत्राचा आजार माणसाच्या नावावर चढवणं.

आता जरा गणित, कारण अनेक रिपोर्ट इथेच ढिले पडतात. नस दबलेली असते ती जेमतेम तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात. बाकीचा रस्ता मोकळा असतो. समजा मोकळ्या रस्त्यावर वेग सेकंदाला ५६ मीटर आहे आणि दबलेल्या तीन सेंटिमीटरमध्ये ३०. बोटापासून मनगटापर्यंत १४ से.मी. मोजले तर एकूण वेग येतो ४७, म्हणजे काठावरचा. ‘थोडा कमी, बघू पुढे’ म्हणून सोडून देण्याजोगा. तोच हात तळव्यापासून मनगटापर्यंत फक्त ८ से.मी. मोजला तर वेग येतो ४२, आणि शंका उरत नाही. लांब रस्त्यात छोटा खड्डा विरघळून जातो. म्हणून सौम्य आजारात तळव्याकडून करायची छोट्या अंतराची मोजणी हवीच.

याहून महत्त्वाची आहे ती तुलना. त्याच हातातली अल्नर नस मनगटाच्या या बोगद्यातून जात नाही, पण थंडी, वय आणि मधुमेह तिलाही तेवढेच लागतात. तळव्यापासून मनगटापर्यंत ८ से.मी. वर दोन्ही मोजाव्यात, मीडियनला ०.४ मिलिसेकंद किंवा जास्त उशीर झाला तर अडथळा मनगटातच आहे. वरच्या उदाहरणात हा फरक ०.४६ भरतो. अनामिकेला दोन्ही नसा जातात, त्यामुळे तिच्यावर कडी ठेवून दोन्ही बाजूंनी सारख्याच १४ से.मी. वरून झटका दिला तर साक्षीदार एकाच बोटात मिळतो, इथे ०.५ च्या आसपासचा फरक संशयास्पद. गारठलेल्या हातातही ही तुलना बरीच तग धरते, कारण गारठा दोघींनाही सारखाच. ज्या कागदावर फक्त मीडियनचे आकडे आहेत आणि अल्नरचा पत्ता नाही, तो अर्धा कागद समजावा.

मधुमेही हातात तर तुलनेशिवाय पाऊल टाकूच नये. तिथे सगळ्याच नसा मंदावलेल्या असू शकतात, त्यातही सगळ्यांत आधी पायाच्या. मीडियन मंद दिसते, मनगटावर ऑपरेशन होतं आणि मुंग्या तशाच राहतात. बोटांची संवेदनेची लाट मिळतच नसेल तर तळव्यावरच्या एकाच जागी चकती ठेवून, १० से.मी. वरून एकदा मीडियनला आणि एकदा अल्नरला झटका द्यावा. मीडियनचा लंब्रिकल स्नायू आणि अल्नरचा इंटरॉसियस स्नायू तिथे एकावर एक असतात. ०.५ पेक्षा जास्त फरक आला तर मधुमेहाच्या वर मनगटाचा दाबही आहे. फार वाळलेल्या हातातसुद्धा ही लाट अनेकदा मिळते.

मान हा दुसरा चकवा. मानेतल्या मणक्याशी नसेची सहावी-सातवी मुळी दबली तरी अंगठा-तर्जनीत मुंग्या येतात आणि एमआरआयमध्ये चाळिशीनंतर काही ना काही सापडतंच. चाचणीत मात्र फरक स्पष्ट असतो. मुळी दबल्यास बोटाची संवेदनेची लाट चांगली येते, कारण संवेदनेच्या पेशीची गाठ दाबाच्या जागेपुढे, हाताकडच्या बाजूला असते आणि तिच्याकडून बोटापर्यंतचा तंतू जिवंत राहतो. बोट बधिर आणि लाट उत्तम, अशी जोडी दिसली की मानेकडे पाहावं आणि स्नायूत सुई घालून करायची चाचणी करावी. एरवी प्रत्येक कार्पल टनलला सुई टोचायची गरज नसते.

काही लोकांत मीडियनचे थोडे तंतू कोपराखालीच अल्नरकडे उडी मारतात. हा आजार नाही, जन्मतःची घडण आहे. पण कार्पल टनलसोबत ती असेल तर कोपरावरून दिलेल्या झटक्याची लाट आधी खाली जाते आणि पुढच्या हातातला वेग सेकंदाला ८०-९० मीटर असा अशक्य येतो. असा आकडा छापून देऊ नये, मार्टिन-ग्रुबर जोडणी म्हणून त्याची नोंद करावी.

करंगळीकडे मुंग्या असतील तर मनगटाचा नाद सोडून कोपर तपासावं. कोपर ९० अंशांत वाकवून, १० से.मी. अंतर घेऊन अल्नरचा वेग काढतात. पुढच्या हातापेक्षा कोपरापाशी १० मीटरहून जास्त घट आली तर दाब तिथे आहे. एक गोष्ट मात्र यंत्र लावण्याआधी हाताने करायची: कोपराच्या आतल्या बाजूला नस चाचपायची. ती दोरीसारखी जाड लागली, अंगावर फिकट बधिर चट्टा असला, तर कुष्ठरोगाची शंका घेऊन तिकडे पाठवावं. औषध सरकारी केंद्रात मोफत मिळतं. आपल्या भागात हे विसरून चालत नाही, आणि नुसता आकड्यांचा कागद हे कधीच सांगणार नाही.

चाचणीला येणाऱ्यांसाठी थोडं. उपाशी राहायचं नाही. त्या दिवशी हाताला तेल, बाम, क्रीम नको; मेंदीने काही बिघडत नाही. अंगठ्या काढाव्यात. बांगड्या कोपराकडे सरकल्या तर चालतात, पण घट्ट पाटली झटक्याची जागाच झाकते, तेव्हा ती घरीच साबण लावून उतरवून यावी. पेसमेकर असेल तर आधी सांगावं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुईच्या भागाआधी सांगणं गरजेचं. आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना विनंती: ‘एनसीव्ही (म्हणजे नसेच्या वेगाची ही चाचणी) दोन्ही हात’ एवढंच लिहू नका. कोणती बोटं, रात्री जाग येते का, मधुमेह किंवा मानदुखी आहे का, हे एका ओळीत लिहिलंत तर कोणती तुलना करायची ते आम्हाला कळतं.

निकाल नॉर्मल आला म्हणजे माणूस सोंग करतोय असं नाही. आजार सुरुवातीला असेल तर चाचणी त्याला चुकवू शकते, तेव्हा सोनोग्राफीवर नसेचं क्षेत्रफळ पाहता येतं. बोगद्याच्या तोंडाशी १० चौरस मि.मी. च्या वर गेलं तर सूज धरतात. उलट, कागदावर ‘सौम्य’ आहे आणि रात्रीची झोप शांत आहे, तर त्या कागदासाठी कुणी हात कापून घेऊ नये.

सौम्य-मध्यम आजारात रात्री मनगटाला बांधायचा पट्टा हा पहिला उपाय, पण बाजारातल्या बहुतेक पट्ट्यांत धातूची पट्टी वीस-तीस अंश वर वळवलेली येते. दाब कमीत कमी असतो तो सरळ मनगटात. पट्टी बाहेर काढून हाताने सपाट करावी, मग घालावी, वेल्क्रोखाली एक बोट सहज जाईल इतपत सैल. किमान सहा आठवडे, रोज रात्री.

ऑपरेशन ठरलं तर आधीचा रिपोर्ट फेकू नका. आकडे सुधारायला महिने लागतात आणि पुष्कळदा ते पूर्ण नॉर्मलला येतच नाहीत. मुंग्या परत आल्या तर नस पुन्हा दबली की जुनाच डाग दिसतोय, हे फक्त जुन्या कागदाशी ताडून कळतं. आणि ताडायचं तर दोन्ही कागदांवर तापमान, अंतर आणि अल्नरचे आकडे असावे लागतात.

आपले,
नसांच्या चाचणीचं काम करणारे काही तंत्रज्ञ
सोलापूर